लैंगिक आरोग्य शिक्षणाने स्त्रियांच्या लैंगिक जीवनात खरंच फरक पडतो का?

पडतो, पण सगळ्या बाबतीत सारखा नाही. मोजायला बहुधा एफएसएफआय (फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स) ही १९ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिच्यात सहा बाबी पाहतात: इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमोच्च सुख, समाधान, वेदना. गुण २ ते ३६, २६.५५ किंवा कमी आले तर अडचण असावी असं धरतात.

लवकर बदलतात त्या समजुती. क्लिटोरिसचा (स्त्रीच्या लैंगिक सुखाचा मुख्य अवयव) बराचसा भाग शरीराच्या आत असतो आणि नुसत्या संभोगाने अनेकींना परमोच्च सुख मिळत नाही, एवढं कळलं तरी 'माझ्यातच खोट आहे' ही बोच कमी होते. दुखण्याचंही तसंच. दुखेल या भीतीने योनीभोवतीचे स्नायू आवळतात, त्यामुळे जास्त दुखतं आणि भीती पक्की होते. हे चक्र समजलं की घाई टाळणं, वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट म्हणजे पाण्यावर आधारित वंगण वापरणं (तेल नको, त्याने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो) आणि दुखताच 'थांब' म्हणणं जमू लागतं.

जोडीदाराला यातून वगळलं तर निम्मं मुसळ केरात. आणि रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी मंदावलेली इच्छा नुसत्या माहितीने सुधारत नाही. तिथे डॉक्टरच गाठावा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत.