छोट्या विमानाचं इंधन हवेतच संपलं तर ते दगडासारखं खाली पडतं का?

नाही पडत. इंजिन बंद पडलं तरी पंख त्यांचं काम करतच असतात. सेसना 172 सारखं विमान 65-68 नॉटचा (ताशी साधारण 120-125 किलोमीटर) वेग धरून एक किलोमीटर उंची खर्ची घालत साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. मात्र नाशिकवर उडताना एक मेख आहे. उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि आपलं पठारच दोन हजार फुटांच्या आसपास आहे. काटा पाच हजारांवर असला तरी पोटाखाली तीनच हजार फूट असतात, म्हणजे हातात जेमतेम आठ किलोमीटर. त्र्यंबकच्या बाजूला तर तेवढेही नाहीत, ब्रह्मगिरी-अंजनेरी चार हजारांच्या वर आहेत.

निफाडकडे रान सपाट. पण वरून मऊ हिरवी दिसणारी द्राक्षबाग सगळ्यात वाईट, खाली नुसते अँगल आणि तारा! त्यापेक्षा कांदा काढून मोकळं झालेलं वावर बरं. तेही पावसाळ्यात नको, काळ्या मातीत चाक रुतलं की विमान नाकावर उलटतं.

आता इंधनाचं. हा घोळ बहुतेक वेळा जमिनीवरच झालेला असतो. नाशिकच्या ओझर विमानतळाहून छत्रपती संभाजीनगर हवाई अंतराने साधारण 160 किलोमीटर. 110 नॉटच्या विमानाला पश्चिमेचा 20 नॉट वारा असेल तर जाताना 40 मिनिटं लागतील, येताना 58. ‘जाऊन-येऊन दीड तास’ असा ढोबळ हिशेब करणारा इथेच फसतो. तासाला 32-34 लिटर जळतं, त्यात टॅक्सी (जमिनीवर धावपट्टीपर्यंत चालवणं) आणि चढाईचं वेगळं धरायचं. वर दिवसा किमान अर्ध्या तासाचं राखीव, हा आंतरराष्ट्रीय दंडक. मी तासाभराचं ठेवतो. बाईक रिझर्व्हला लागली की पंपापर्यंत ढकलता तरी येते.

डॅशबोर्डवरच्या इंधनाच्या काट्यावर मी कधीच विसंबत नाही. पंखापाशी चढून, झाकण उघडून डिपस्टिक बुडवायची. खालून नमुना पारदर्शक कपात काढायचा: अ‍ॅवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं, तळाशी बिनरंगी थेंब दिसला तर ते पाणी. पावसात उभ्या राहिलेल्या विमानात ते हमखास सापडतं.

आणि टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडू शकतं. चुकीची टाकी लावलेली असते, बस्स. 1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर अमेरिकेत विमान कोसळून गेला. त्याच्या घरगुती बांधणीच्या विमानात टाकी बदलायचा खटका डाव्या खांद्यामागे होता, तो फिरवायला वळावं लागायचं. सेसनात तो दोन सीटांच्या मधे, जमिनीलगत असतो. म्हणून इंजिन गप्प झालं की क्रम असा: आधी वेग, मग वावर निवडायचं, मग तो खटका, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) आणि कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा). रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक त्यानंतर.