भोपळ्याचा गाळ का झाला?

प्रश्न : ताई, गेले दोन महिने मी घरी जपानी पदार्थ करून बघतेय. लाल भोपळ्याचं निमोनो (थोड्या रसात मंद शिजवलेला पदार्थ) केलं, पण भोपळ्याचा पार गाळ झाला आणि चव सपक लागली. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घालून केलेलं सूप उलट खारट झालं. आम्ही शाकाहारी, म्हणून दाशीऐवजी, म्हणजे बहुतेकदा माशापासून काढलेल्या चवदार पाण्याऐवजी, साधं पाणी घेतलं होतं. तिथल्या घरांत करतात तशा, विश्वासाच्या पाककृती कुठं शोधायच्या? आणि तिथल्यासारखा भात आपल्या कोणत्या तांदळाचा होईल?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला टोकियोतल्या निशी-कासाईचं माझं घर आठवलं. तिथं मी नऊ वर्षं राहिले. निमोनो मला शेजारच्या आजींनी शिकवलं, तेही भोपळ्याचंच. त्यामुळे तुमचा भोपळा कुठं बिघडला असेल ते लगेच लक्षात आलं.

तिथला भोपळा, काबोचा, बाहेरून हिरवागार, आतून घट्ट आणि कोरडा. शिजला की रताळ्यासारखा पिठूळ लागतो. आपला लाल भोपळा पाणीदार. जपानी कृतीतलं पाणी त्याला जसंच्या तसं घातलं, तर तो गळणारच. पुढच्या वेळी जून, जड, गडद केशरी फोड निवडून घ्या. साल काढू नका. 4 सेंटिमीटरचे मोठे तुकडे करून साल खाली येईल असे पसरट भांड्यात एका थरात लावा. 400 ग्रॅम भोपळ्याला 150 मिलिलिटर पाणी पुरेल. त्यात आधी 1 मोठा चमचा साखर घाला. पाच मिनिटांनी 1 मोठा चमचा सोया सॉस. भांड्याच्या तोंडापेक्षा लहान झाकण थेट भोपळ्यावर ठेवा (तिथं याला ओतोशिबुता म्हणतात, मी जाड कागद गोल कापून मधे भोक पाडून वापरते). त्यामुळे थोडा रस वर चढून सगळीकडे लागतो आणि तुकडे हलत नाहीत. डाव अजिबात घालायचा नाही. आजी तर आच बंद केल्यावर तासभर भांड्याला हात लावू देत नसत. चव मुरते ती निवताना.

साखर आधी आणि सोया सॉस नंतर, हा क्रम तिथं घरोघरी पाठ असतो : सा-शि-सु-से-सो. ही जपानी नावांतली अक्षरं, म्हणजे साखर, मीठ, व्हिनेगर, सोया सॉस, मिसो. मीठ लवकर आत शिरतं, साखर सावकाश. म्हणून गोडाला आधी वेळ द्यायचा. सोया सॉस आणि मिसोचा वास टिकावा म्हणून ते शेवटी.

आता सपकपणाबद्दल. दाशीच्या जागी साधं पाणी घेतलंत, तिथंच चव गेली. जपानी घरगुती स्वयंपाकात फोडणी नाही, वाटण नाही. सगळी मदार दाशीवर. पण दाशी म्हणजे मासाच असं नाही. बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरीत ती कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांची करतात. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बु आणि तीन-चार वाळलेल्या शिताके रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. सकाळी मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत कोम्बु काढून घ्या, नाहीतर पाणी कडसर आणि चिकट होतं. याच कोम्बुतून जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 मध्ये ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. शिताकेतलं ग्वानिलेट, म्हणजे तसाच दुसरा घटक, त्याच्या जोडीला आलं की चव कितीतरी पटींनी वाढते. म्हणून दोन्ही घ्या, एकावर भागवू नका. उरलेला कोम्बु बारीक चिरून साखर-सोया सॉसमध्ये आटवा. भाताबरोबर फार छान लागतो. बाजारातली तयार दाशी पावडर घेताना मात्र डब्यावरचे घटक वाचाच, बहुतेकींत मासा असतो.

मिसो खारट होण्याचं कारण बहुधा तुमचा चमचा. एका वाटीला, म्हणजे 150 मिलिलिटर दाशीला, 2 लहान चमचे सपाट मिसो खूप झाला. आच बंद करून गाळणीत विरघळवा, मग उकळू नका. तिथला मोठा चमचा 15 मिलिलिटरचा, लहान 5 चा आणि कप 200 चा. आपल्याकडे मिळणारे बरेच कप 240 चे असतात. शंभर-दोनशे रुपयांची मापं आधी घ्या, सामान नंतर.

पाककृती शोधताना पदार्थाच्या नावाला ‘किहोन’, म्हणजे मूलभूत, आणि ‘त्सुकुरिकाता’, म्हणजे करण्याची रीत, हे शब्द जोडा. एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीचा ‘क्यो नो र्‍योरी’ हा कार्यक्रम 1957 पासून घरच्या स्वयंपाकासाठीच चालतो; त्याच्या कृतींत ग्रॅम आणि मिलिलिटर नेमके असतात, माझा भरवसा त्यांवर. यंत्राने भाषांतर करून वाचलंत तर काही शब्दांचे अर्थ निसटतात. ‘शोशो’ म्हणजे दोन बोटांची चिमूट, ‘हितोत्सुमामी’ म्हणजे तीन बोटांची. ‘हिताहिता’ पाणी म्हणजे तुकड्यांची डोकी जेमतेम वर दिसतील इतकं. ‘उसुकुची’ सोया सॉसचं भाषांतर ‘फिका’ असं होतं. फिका असतो तो रंग, मीठ त्यात नेहमीच्या सोया सॉसपेक्षा जास्त असतं. आणि कृपा करून एका आठवड्यात सात पदार्थ करू नका. भोपळाच तीनदा करा.

भातासाठी इंद्रायणी घ्या, शक्यतो नवा. बासमती किंवा कोलम नको. तिथं तांदूळ ‘गो’ या मापाने मोजतात. 1 गो म्हणजे 180 मिलिलिटर, साधारण 150 ग्रॅम. पाणी नितळ होत येईपर्यंत हलक्या हाताने धुवा, अर्धा तास भिजवा आणि शिजल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. पाणी पहिल्यांदा तांदळाच्या सव्वापट घ्या. नव्या इंद्रायणीला पुढे थोडं कमी करावं लागेल. त्याच भाताची, हात ओले करून मीठ लावून, ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, वळा. व्हिनेगर घालू नका, ते सुशीच्या भाताला. आत भरायला उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) नसेल तर बिनतेलाचं, जुनं मुरलेलं लिंबाचं लोणचं भरा. आजींना ते इतकं आवडलं, की पुढच्या वर्षी साताऱ्याहून एक बरणी मी त्यांच्यासाठी वेगळी नेली.