फिल्टर लावला आणि तिकीट गायब झालं

जिरासारख्या, टीमच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या टूलबद्दलच्या या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: काम, म्हणजे तिथलं तिकीट, टूलमध्ये आहे, पण दिसत नाही. त्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न: जिरामध्ये 'असायनी (काम ज्याला दिलंय तो) मी नाही' असा फिल्टर लावून मी टीममधल्या बाकीच्यांची कामं बघते. पण अजून कुणालाच न दिलेली तिकिटं त्यात येत नाहीत. ती माझ्याकडे नाहीतच, मग यायला नकोत का?

आपल्या हिशेबाने यायला हवीत. जिराचा हिशेब वेगळा आहे. रकाना रिकामा असला की 'अमुक नाही' आणि 'यांपैकी नाही' या दोन्ही अटी ते तिकीट सरळ वगळतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत नल, म्हणजे रिकामा रकाना, असलेल्या ओळी ज्यांना चकवून गेल्या आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. 'असायनी मी नाही किंवा असायनी रिकामा आहे' अशी जोडअट कंसात लिहा, म्हणजे ती तिकिटं परत येतील.

लेबलांमध्ये हाच प्रकार जास्त महागात पडतो. 'नंतर बघू' हे लेबल असलेली कामं वगळा म्हटलं, की ज्यांना एकही लेबल नाही ती कामंही जातात. नवीन आलेल्या तिकिटांना लेबल नसतंच बहुधा, म्हणजे नेमकी ताजी कामं नजरेआड. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मात्र उलट आहे. तिथे लेबलाच्या अटीआधी वजाचं चिन्ह दिलं, तर बिनलेबलाचे इश्यू, म्हणजे तिथली तिकिटं, यादीत राहतात. एका टूलची सवय दुसऱ्यात घेऊन जाणारे इथेच फसतात.

पडताळा घ्यायचा असेल तर एक साधी बेरीज करा. अट लावून किती तिकिटं येतात, उलट अट लावून किती येतात, आणि अटच नसताना किती येतात? पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी झाली नाही, तर उरलेली तिकिटं रिकाम्या रकान्यात अडकली आहेत. मी कुठलाही फिल्टर दुसऱ्याच्या हातात देण्याआधी हे करतोच.

प्रश्न: आमच्या कानबान बोर्डावरून (स्टेटसप्रमाणे कॉलममध्ये कामं मांडणारा फलक) तिकिटं आपोआप नाहीशी होतात. कुणी डिलीट करतंय का?

शक्यता फार कमी. नंबर टाकून शोधलंत तर तिकीट सापडेल. म्हणजे लपलंय ते फक्त बोर्डावरून. पूर्ण झालेलं असेल तर वयामुळे गेलं असेल: जिराचा कानबान बोर्ड दोन आठवड्यांपेक्षा जुनी पूर्ण कामं मुळातच लपवतो. ही मुदत सेटिंगमध्ये बदलता येते. त्याचं स्टेटस कुठल्याच कॉलमला जोडलेलं नसेल, तरीही ते दिसत नाही. कुणीतरी वर्कफ्लोमध्ये नवीन स्टेटस घातलं आणि बोर्डाकडे बघितलंच नाही, की हे हमखास होतं.

तिसरं कारण सर्वांत बेमालूम. कानबान बोर्डाला मुख्य फिल्टरखाली एक उपफिल्टर असतो. तो मुळात 'फिक्स व्हर्जन (काम ज्या आवृत्तीत जाणार ती) अजून रिलीज न झालेलं, किंवा रिकामं' असा असतो. कुणी व्हर्जनवर 'रिलीज' दाबलं की त्या व्हर्जनची सगळी तिकिटं बोर्डावरून उतरतात, अगदी अर्धवट राहिलेलीसुद्धा. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी बोर्ड अचानक स्वच्छ दिसला तर लगेच खूश होऊ नका.

प्रश्न: मी एकाच प्रोजेक्टमधली 'हाय' किंवा 'ब्लॉकर' कामं मागितली, तर भलत्याच प्रोजेक्टची तिकिटं आली.

कंस राहिला. 'आणि' आधी जुळतं, 'किंवा' नंतर. त्यामुळे तुमच्या अटीचा अर्थ 'या प्रोजेक्टमधली हाय, किंवा कुठल्याही प्रोजेक्टमधली ब्लॉकर' असा झाला. दोन्ही प्रायॉरिटी एका कंसात घाला, किंवा 'यांपैकी एक' ही अट वापरा. गिटहबवर लेबलं वेगवेगळी लिहिली तर 'आणि', स्वल्पविरामाने जोडली तर 'किंवा'.

प्रश्न: आमचे लीड आणि मी एकच सेव्ह केलेला फिल्टर उघडतो. त्यांना दिसणारा आकडा माझ्यापेक्षा वेगळा असतो. खरा कुणाचा?

दोघांचाही. फिल्टर शेअर केला म्हणजे फक्त प्रश्न शेअर झाला. उत्तर ज्याच्या त्याच्या परवानग्यांप्रमाणे येतं. त्यांना दिसणारा एखादा प्रोजेक्ट तुम्हाला बंद असेल तर आकडा जुळणार कसा? फिल्टरमध्ये 'सध्याचा युजर' असेल तर प्रत्येकाला आपापली कामं दिसतात. आणि तारखेची अट असेल तर प्रोफाइलमधला टाइमझोन बघा, जिरा त्याप्रमाणे दिवस मोजतो.

तारखेवरून आठवलं: '३१ मार्चपर्यंत तयार झालेली' असं मागितलं आणि वेळ दिली नाही, तर जिरा त्या तारखेची मध्यरात्र धरतो, म्हणजे ३१ तारीख सुरू होते तो क्षण. त्या दिवसभरात आलेली तिकिटं अहवालात येत नाहीत. त्यापेक्षा '१ एप्रिलच्या आधी' असं लिहा.

प्रश्न: रोजच्या कामाला किती फिल्टर ठेवावेत? माझ्याकडे तीसेक झालेत.

त्यातले किती या आठवड्यात उघडलेत? मी तीन ठेवतो: माझी उघडी कामं, कुणालाच न दिलेली कामं आणि हलत नसलेली कामं.

तिसऱ्यासाठी लोक '१४ दिवसांत अपडेट नाही' ही अट लावतात. ती मला पटत नाही. कुणी 'काय झालं याचं?' एवढी कॉमेंट टाकली तरी अपडेटची तारीख बदलते आणि महिनाभर रुतलेलं तिकीट ताजं दिसायला लागतं. त्याऐवजी '१४ दिवसांत स्टेटस बदललेलं नाही' असं विचारा; जिराला तो इतिहास तपासता येतो.

बाकीचे फिल्टर काढून टाका, पण जपून. जिराचे बहुतेक बोर्ड कुठल्या ना कुठल्या फिल्टरवर उभे असतात. एकदा मी 'माझाच तर आहे' म्हणून एका जुन्या फिल्टरमध्ये एक अट वाढवली आणि सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, अख्ख्या टीमसमोर रिकामा बोर्ड उघडला. त्या फिल्टरचं नाव होतं 'टेस्ट २'. त्यानंतर बोर्डाला आधार देणाऱ्या प्रत्येक फिल्टरच्या नावात मी 'बोर्ड' हा शब्द घालतो, आणि प्रयोग करायचा असेल तर आधी त्याची प्रत काढतो.