सलालाहला रिमझिम, रत्नागिरीला मुसळधार, वारा मात्र एकच

तुम्ही मस्कतहून गाडीने ओमानच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या सलालाहला 'खरीफ', म्हणजे तिथला पावसाळी धुक्याचा हंगाम, बघायला गेलात. डोंगर हिरवेगार, धुकं असं की समोरची गाडी दिसेना, पण छत्री उघडावी असा पाऊस काही पडला नाही. सलालाह आणि रत्नागिरी दोन्ही साधारण 17 अंश उत्तरेला, समुद्र तोच, महिना तोच. मग रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर आणि तिथे जेमतेम 100 च्या आसपास, असं का, हा तुमचा प्रश्न.

एकांनी उत्तर दिलंय की सलालाहला पोचेपर्यंत ढग रिकामे होतात. उलट आहे. वारा आधी सलालाहच्या दारावरून जातो, मग आपल्याकडे येतो.

मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत घेतात, म्हणून त्याचं तापमान दर वॉचला (म्हणजे पाळीला) लॉगबुकात लिहावं लागतं. जुलैत सलालाहहून न्हावा शेव्याला निघालो की पहिल्या दिवशी काटा 22-23 वर. नवा पोरगा असला तर गेज बिघडलाय समजून त्याला टिचक्या मारत बसायचा. तिसऱ्या दिवशी मुंबईजवळ तोच काटा 28 वर. तुमचं उत्तर या पाच-सहा अंशांत आहे.

हा वारा येतो कुठून? मादागास्करच्या पूर्वेला, दक्षिण हिंदी महासागरात, हवेचा जास्त दाब असतो. तिथून निघालेले आग्नेय वारे पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना अडून उत्तरेकडे वळतात, केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे झुकत नैऋत्येचे होतात. त्यांचा सगळ्यात जोरकस पट्टा एक-दीड किलोमीटर उंचीवर असतो. त्याला फिंडलेटर जेट म्हणतात.

सोमालिया आणि ओमानला हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, जमीन डाव्या हाताला ठेवून. उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी एकूण वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर. ती जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. (त्यासोबत खतही वर येतं, म्हणून तिथे मासळी भरपूर.) थंड पाण्यावरची हवा गार आणि जड. वरून वाळवंटाची गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली. ओलावा भरपूर आहे, पण हवा वर चढू शकत नाही, ढगाला उंची मिळत नाही. उरतं ते धुकं आणि भुरभुर.

तोच वारा पुढे हजारेक सागरी मैल जातो, वाटेत पाण्याची वाफ उचलत. आपल्या बाजूला पाणी उबदार, वरचं झाकण सुटलेलं, आणि वारा किनाऱ्याला समांतर नाही, थेट अंगावर. समोर सह्याद्रीची भिंत. हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. मग महाबळेश्वर न्हाऊन निघतं आणि पुण्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

म्हणजे नुसता समुद्र जवळ असून भागत नाही. तिथलं पाणी किती गार आहे आणि वारा कुठल्या कोनातून येतो, ते बघायचं. पेरूची राजधानी लिमा समुद्राला खेटून आहे, विषुववृत्तापासून फक्त 12 अंशांवर, तरी वाळवंटातलं शहर. कारण हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी. तिथेही महिनोन्महिने धुकं. ते पाणी तापलं की काय होतं हे 2017 मध्ये दिसलं: पेरूच्या त्याच कोरड्या किनारपट्टीत पुरांनी हाहाकार माजवला. नामिबियाच्या किनाऱ्यावरही असंच धुकं आणि वाळवंट शेजारी नांदतात.

जाता जाता: तिथला 'खरीफ' म्हणजे अरबीत शरद ऋतू. आपला खरीप हंगाम त्याच शब्दावरून आला.

आणि ते झाकण तुम्ही स्वतः ओलांडलंय. डोंगरापलीकडच्या वाळवंटातल्या थुमरैतवरून येताना वर 40 च्या पुढे दाखवणारा गाडीचा डिस्प्ले घाट उतरताना काही किलोमीटरांत 25 वर आला असेल. एरवी डोंगर चढताना गार वाटायला हवं. इथे उतरताना हुडहुडी भरते.