एम४ चालू होतो पण आरपीमेसेज येत नाही: नोडचं नाव बघा

'फर्मवेअर लोड होतं, लॉगमध्ये एम४ अप दिसतो, पण आरपीमेसेजचं चॅनेल येत नाही. व्हीरिंगचे पत्ते तीनदा तपासले' हे तुमचं वाचलं आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे आठवले. आमचाही बोर्ड एसटीएम३२एमपी१५७चाच होता, म्हणजे एकाच चिपमध्ये लिनक्स चालवणारा मुख्य प्रोसेसर आणि शेजारी छोटा एम४. दोघं आरपीमेसेजने बोलतात आणि निरोप व्हीरिंग नावाच्या, सामायिक मेमरीतल्या रांगांतून जातात. मेलबॉक्स (दोघांनी एकमेकांना इशारा द्यायची सोय), स्टेटस वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

डिव्हाइस ट्रीत, म्हणजे लिनक्सला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या डीटीएस फाइलमध्ये, रिझर्व्हड-मेमरी या राखीव मेमरीच्या भागात तुमच्या नोडची (नोंदींची) नावं काय आहेत? लेबल नाही विचारत. कोलनच्या आधी असतं ते लेबल, नंतर अ‍ॅटच्या खुणेपर्यंत असतं ते नाव. मी आटोपशीरपणाच्या नादात लेबल 'व्हीडेव्ह०व्हीरिंग०' ठेवलं आणि नोडला नुसतं 'व्हीरिंग०' म्हटलं. पत्ता हेक्समध्ये १००४००००, लांबी ४ केबी, नो-मॅप (लिनक्सने ही मेमरी नेहमीसारखी मॅप करू नये ही खूण), सगळं जागच्या जागी. डीटीसीने, म्हणजे ही फाइल कंपाइल करणाऱ्या प्रोग्रामने, चकार शब्द काढला नाही, कारण लिहिलेलं वैधच होतं. पण रिमोटप्रॉक, म्हणजे लिनक्समधला एम४ला चालू करणारा भाग, व्हीरिंगची राखीव जागा नावाने शोधतो. नाव जुळलं नाही की गुपचूप दुसरीकडे जागा घेतो. एम४च्या लिंकर स्क्रिप्टमध्ये (फर्मवेअरमधलं काय कुठल्या पत्त्यावर ते ठरवणारी फाइल) मात्र सामायिक मेमरी १००४००००पासूनच. मग निरोप पोचणार कुठून? बफरच्या, म्हणजे निरोपांचा मजकूर ठेवायच्या जागेच्या, नोडचंही तेच, 'व्हीडेव्ह०बफर' हेच नाव हवं.

बोर्ड देणाऱ्यांच्या सपोर्टला मी पहिल्याच दिवशी लॉग आणि डीटीएस पाठवली होती. चार वेळा एकच उत्तर आलं, 'नवीन बीएसपी घाला', म्हणजे बोर्डसोबत येणारा सॉफ्टवेअरचा संच. घातला. डीटीएस माझीच, त्यामुळे दोषही तोच. कुणी ती फाइल उघडून वाचलीच नाही, याचा मला आजही राग येतो. पैसे घेऊन सपोर्ट देता, तर निदान वाचा तरी!

खात्री करायची तर डीबगएफएसमध्ये (लिनक्सच्या आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टम) रिमोटप्रॉक०खालची 'कार्व्हआउट_मेमरीज' फाइल, म्हणजे राखीव तुकड्यांची यादी, कॅट करा. माझ्याकडे 'व्हीरिंग०' १००४००००वर होता आणि खाली 'व्हीडेव्ह०व्हीरिंग०' भलत्याच पत्त्यावर. ते दिसल्यावर दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.

हे एमपी१पुरतं सांगतेय. दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर वेगळा वागू शकतो, तिचं बाइंडिंग (डिव्हाइस ट्रीत काय कसं लिहायचं त्याचे नियम) स्वतः वाचा. माझं मत विचाराल तर व्हेंडरच्या डीटीएसआयमधली (आपल्या डीटीएसमध्ये समाविष्ट होणारी तयार फाइल) नावं सौंदर्यासाठी कधीही बदलू नयेत.

आणि हो, एम४ला दिलेला यूएआरटी (सिरियल पोर्ट) लिनक्सच्या बाजूने 'ओके', म्हणजे चालू, ठेवला नाहीये ना, तेही बघून घ्या.