आधी त्याची वही बघ

प्रिय बाळा,

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप आली नाही. इचलकरंजी सोडून बंगळूरला जाऊन तुला अडीच महिने झाले. १४० अर्ज, तीन मुलाखती, हातात काही नाही. फ्लॅटवाले सहा-सहा, दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात म्हणून बीटीएम लेआउट भागात पीजीत तिघांच्या खोलीत राहतोस, आणि आता कुणीतरी ७० हजारांत टेक सेल्सचा, म्हणजे सॉफ्टवेअर विकायला शिकवणारा, कोर्स विकतंय. "मावशी, भरू का पैसे?" म्हणालास.

नको भरूस.

कष्टाला तू मागे हटणारा नाहीस, त्याबद्दल मी काही बोलत नाही. मला राग आला तो तू पाठवलेला अर्ज वाचून. १४० कंपन्यांना तोच मजकूर, फक्त वर नाव बदललेलं. त्यात तू उत्साही आहेस, ध्येयवादी आहेस, पण कुणाचा मुलगा आहेस ते कुठेच नाही. अरे, तू खर्चीवाल्याच्या, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याच्या, घरात वाढलास. पिकाला, म्हणजे आडव्या धाग्याला, मजुरी काय पडते, व्यापारी पेमेंट कसं लांबवतो, ताण्याचं बीम आलं नाही की माग कसे उभे राहतात, हे जेवताना ऐकत मोठा झालास. छोट्या उद्योगांना सॉफ्टवेअर विकायला निघालेल्या पोरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? आणि तू ते लपवलंस!

सॉफ्टवेअर विकायच्या या धंद्यात मी एकच गोष्ट धरून ठेवली. ज्याची वही पाहिली नाही, त्याला काही विकायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते एका माणसाच्या पोटावर पाय देऊन शिकले.

१९९६ साली मी मुंबईत होते. दादरला एका बाईंकडे कॉटबेसिसवर राहायचे आणि दिवसभर काळबादेवी, मस्जिद बंदर पालथं घालत हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचे. महिनाअखेर होती, टार्गेटला एक ऑर्डर कमी होती, डोक्यावर भाडं होतं. एका कापडवाल्या शेठना मी अर्ध्या तासात पटवलं. गादीच्या कोपऱ्यात त्यांचे मुनीमजी लाल वही मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दोन महिन्यांनी गेले तर कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं आणि मुनीमजींची जागा रिकामी. मशीन चालवता येत नाही म्हणून त्यांना काढलं होतं, आणि कुणाची उधारी किती, कुणाला किती दिवसांची सवलत, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. मी तेव्हा ती वही उघडून पाहिली असती, त्यांच्या शेजारी दोन दिवस बसले असते, तर त्यांनाच शिकवता आलं असतं. कमिशन मात्र मला मिळालं. त्याचं मी भाडं भरलं.

म्हणून सांगते, कोर्सचे पैसे राहू देत. बीटीएमहून पिवळ्या मेट्रोने आर. व्ही. रोडला जा. तिथून हिरवी मेट्रो चिकपेटला जाते आणि पुढे पीण्यालाही. चिकपेटला कापडवाले, पीण्याला छोटे कारखाने. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जा. विकायला आलो नाही, शिकायला आलोय, असं सरळ सांग. आजीचं मोडकंतोडकं कन्नड काढ बाहेर, बिचकू नकोस. पाच कोटींवर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे दुसऱ्या धंदेवाल्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं आहे. ते कोण करतं, कुठे अडतं, रात्री किती वाजेपर्यंत बसतात, विचार. दहापैकी सात जण हाकलतील. उरलेल्या तिघांची वही बघ.

मग अर्ज लिही. १४० नव्हे, दहा. ज्या कंपन्या अशा माणसांना सॉफ्टवेअर विकतात त्यांनाच, आणि थेट सेल्सच्या प्रमुखाला. पहिल्या ओळीत तू काय पाहिलंस ते लिही. स्वतःबद्दल शेवटी.

मला ठाऊक आहे, तू म्हणशील आता सगळं फोनवर आणि ईमेलवर चालतं, एसडीआरचे, म्हणजे फोनवरून नवी गिऱ्हाइकं शोधणाऱ्या पोरांचे, दिवसाला किती कॉल झाले ते मोजतात, वही बघायला वेळ कोण देतो. मलाही हेच ऐकवलं गेलं. २००९ साली माझ्या हाताखालच्या माणसाला रिजनल हेड केलं, कारण मी कोटेशन द्यायच्या आधी दोन दोन दिवस कारखान्यात जाऊन बसायचे. तेव्हा फार लागलं होतं. पण माझी गिऱ्हाइकं १ जुलै २०१७ ला, जीएसटी लागला त्या दिवशी, मला फोन करत होती; त्याला नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. थोडी लवचीक असते तर बरं झालं असतं का? असेल. पण तसं मला जमलं नसतं.

ऑफर आली तर एवढं कर. पगाराच्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. फिक्स्ड किती, टार्गेटवर मिळणारं व्हेरिएबल किती, आणि मागच्या तिमाहीत टीममधल्या किती जणांचं टार्गेट झालं, हे विचार. उत्तर टाळलं तर ओळखून घे. पीजीचं भाडं, डबा, मेट्रो फक्त फिक्स्डमध्ये बसलं पाहिजे. अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट असेल तर रात्री परत कसा येणार, तेही.

आणि एक. वडिलांना अजून खरं सांगितलं नाहीस म्हणालास. मी सांगणार नाही. पण आज रात्री त्यांना फोन कर आणि विचार, व्यापाऱ्याकडे किती अडकलंय, किती दिवसांचं. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या कारखानदारांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत उलटून वर्ष संपेपर्यंत थकवली, तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा धरता येत नाही, २०२४ पासूनचा नियम आहे. त्यानंतर काही बदललं का, की बिलाची तारीखच पुढे टाकायला लावतात, ते विचार. ते सांगतील ते लिहून घे. एवढी वर्षं त्या घरात राहिलास, पण त्यांची वही तू कधी उघडली नसशील.

तुझी,
मावशी