घर दाखवणाऱ्याच्याच टेबलावरून कर्ज घ्यावं का?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये राहतो, दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर. 3,20,000 पाउंडांचं एक घर पसंत पडलंय आणि 10 टक्के डिपॉझिट हाताशी आहे. पण एस्टेट एजंट म्हणतो, ‘आधी आमच्या ऑफिसातल्या मॉर्गेज अ‍ॅडव्हायझरशी बोला, मगच तुमची ऑफर मालकांना कळवू.’ असं बंधन असतं का? आणि त्यांच्याकडूनच कर्ज घेतलं तर बिघडतं कुठे?

उत्तर : बंधन अजिबात नाही. उलट, त्याच्या ब्रोकरकडे, म्हणजे कर्ज मिळवून देणाऱ्या त्या अ‍ॅडव्हायझरकडे, गेला नाहीत म्हणून तुमची ऑफर मागे ठेवणं एजंटलाच महागात पडू शकतं. 1979च्या एस्टेट एजंट्स कायद्याखाली 1991मध्ये निघालेल्या आदेशानुसार, एजंटची एखादी सेवा नाकारली म्हणून ग्राहकाला दुजाभावाने वागवणं हा गैरव्यवहार ठरतो. आलेली प्रत्येक ऑफर मालकाला विनाविलंब आणि लेखी कळवणंही त्याला भाग आहे. ‘अमुक रकमेखालच्या ऑफर कळवू नका’ असं मालकानेच लिहून दिलं असेल तेवढाच अपवाद.

मात्र तुमची ऐपत तपासायचा त्याला हक्क आहे. पैसे कुठून येणार हे तो विचारणारच, मालकालाही ते हवंच असतं. तेव्हा ऑफर फोनवर न देता ईमेलने द्या. त्यात रक्कम, डिपॉझिट, सॉलिसिटरचं नाव लिहा आणि सोबत एआयपी, म्हणजे बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र, जोडा. ‘मालकांना कळवल्याचं लेखी कळवा’ हे एक वाक्य शेवटी असू द्या. या एका ईमेलने बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. एआयपी कुठल्याही बँकेचं किंवा ब्रोकरचं चालतं. बहुतेक बँका त्यासाठी तुमच्या क्रेडिट फाइलची (कर्जफेडीच्या नोंदींची) इतर बँकांना न दिसणारी तपासणी करतात, तरी अर्जाआधी तसं विचारून घ्या.

इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. समजा, बँक तुम्हाला 3,40,000पर्यंत कर्ज द्यायला तयार आहे, पण तुमची पहिली ऑफर 3,10,000ची आहे. तर एजंटला दाखवायचं एआयपी 2,79,000चंच काढून घ्या. एजंटला मेहनताना मालक देतो, तोही बहुधा विक्रीच्या किमतीवर टक्क्यांनी. त्याचं काम घर महाग विकण्याचं आहे आणि तुमची कमाल ऐपत कळली की घासाघीस संपली. अ‍ॅडव्हायझरने तुमची माहिती परवानगीशिवाय पुढे देऊ नये असा नियम आहे, हे खरं. पण दोघांची टेबलं शेजारी-शेजारी असताना आपला शेवटचा आकडा तिथे उघड करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता कर्जाबद्दल. कर्ज झालं की बँक ब्रोकरला कमिशन देते, साधारण कर्जाच्या 0.3 ते 0.5 टक्के. तुमच्या 3,20,000च्या घरासाठी 10 टक्के डिपॉझिट वजा जाता 2,88,000चं कर्ज लागेल; त्यावर 0.4 टक्के धरले तर 1,152 पाउंड. विम्याचं कमिशन वेगळं, आणि काही जण त्यावर तुमच्याकडूनही फी घेतात. बाहेरचा स्वतंत्र ब्रोकरही असाच कमावतो, त्यामुळे कमिशन हा दोष नाही. प्रश्न आहे तो किती बँका पाहून तो सल्ला देतोय याचा. पहिल्याच भेटीत विचारा : सगळ्या बाजारातून निवडता, की ठरावीक बँकांच्या यादीतून? यादीत किती बँका? फी किती आणि कधी द्यायची? हे सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. फर्मचं नाव एफसीएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वित्तीय नियामक संस्थेच्या, रजिस्टरवर तपासा.

तुमच्या बाबतीत ही यादीच सगळ्यात महत्त्वाची. व्हिसावर असलेल्यांसाठी प्रत्येक बँकेचे नियम निराळे आहेत. कुणी इथे किमान किती काळ राहिलात ते पाहतं, कुणी व्हिसाचे किती महिने उरलेत ते, आणि कुणी 10 टक्क्यांऐवजी जास्त डिपॉझिट मागतं. छोट्या यादीतल्या ब्रोकरकडून ‘तुम्हाला कर्ज मिळणार नाही’ असं ऐकावं लागलं, तर त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘आमच्या यादीतून मिळणार नाही’ एवढाच असतो.

दोन प्रस्तावांची तुलना नुसत्या व्याजदरावर करू नका. उदाहरणादाखल 2,88,000चं 30 वर्षांचं कर्ज, दर 2 वर्षं स्थिर. पहिला प्रस्ताव 4.75 टक्क्यांचा, बँकेची फी नाही, ब्रोकरची फी 495 : महिना 1,502, दोन वर्षांत एकूण 36,543 पाउंड. दुसरा 4.5 टक्क्यांचा, बँकेची फी 999, ब्रोकर मोफत : महिना 1,459, एकूण 36,015. दुसरा 528 पाउंडांनी स्वस्त. हेच कर्ज 1,00,000चं असतं तर पाव टक्क्याने दोन वर्षांत जेमतेम 360 पाउंड वाचले असते आणि 999च्या फीने ते खाऊन वर नुकसान केलं असतं. फी कर्जातच मिसळू नका, नाहीतर तिच्यावरही व्याज चढतं.

ब्रोकर सहसा ज्याची खोलात चौकशी करत नाही अशी एक गोष्ट : भारतातला फ्लॅट. दोघांपैकी एकाच्याही नावावर जगात कुठेही कधी घर असेल, वारसाहक्काने आलेलंसुद्धा, तर पहिल्या घराची स्टॅम्प ड्युटी सवलत दोघांचीही जाते. इंग्लंडमध्ये 3,20,000च्या घरावर सवलतीसह 1,000 पाउंड भरावे लागतात, सवलत गेली तर 6,000. आणि तो फ्लॅट अजून तुमच्याकडे असून तुमच्या हिश्श्याची किंमत 40,000 पाउंड किंवा जास्त असेल, तर दुसऱ्या घरावरचा 5 टक्के अधिभार धरून 22,000 पाउंड. हे डिपॉझिटमधूनच जाणार, म्हणून ऑफर देण्याआधी सॉलिसिटरला सगळं खरं सांगा.

एजंटच्या ब्रोकरकडे जाऊच नका, असं मात्र आम्ही म्हणत नाही. तो सगळ्या बाजारातून निवडत असेल, फी माफक असेल आणि बाहेरच्या एका ब्रोकरशी ताडून त्याचा प्रस्ताव सरस ठरला, तर खुशाल घ्या. पण घराची ऑफर मान्य झाल्यावर घ्या, आधी नाही. आणि दबाव चालूच राहिला तर एजंटच्या फर्मकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर, ती फर्म ज्या तक्रार निवारण योजनेची सभासद आहे तिच्याकडे जा. असं सभासदत्व प्रत्येक एजंटला सक्तीचं आहे.

प्रश्न : आम्ही एजंटच्याच ब्रोकरकडून अर्ज केला. त्याने कर्जासोबत आयुर्विमाही ‘घ्यावाच लागतो’ म्हणून घ्यायला लावला. कर्जाची ऑफर आली आहे, घराचा ताबा अजून नाही. आता काही बदलता येईल?

उत्तर : बरंच काही. बँकेला हवा असतो तो इमारतीचा विमा, तोही करारांची देवघेव होऊन व्यवहार दोन्ही बाजूंना बंधनकारक होईल त्या दिवसापासून. तो तुम्ही कुठूनही घेऊ शकता. आयुर्विमा सक्तीचा नाही. मुलं लहान असतील, एकाच्या पगारावर घर चालत असेल तर तो घ्यावाच असं आम्हालाही वाटतं, पण दोन-तीन ठिकाणी हप्ता विचारून. आयुर्विम्याची पॉलिसी साधारणपणे पहिल्या 30 दिवसांत रद्द करून हप्ता परत मिळवता येतो. रद्द करण्याआधी नवी पॉलिसी सुरू झाल्याची खात्री करा, मधले दिवस उघडे ठेवू नका.

कर्जाच्या ऑफरनंतर विचार करायला किमान 7 दिवस मिळतात. त्यानंतरही ताबा मिळेपर्यंत, त्याच बँकेचा दर उतरला असेल तर ‘नव्या दरावर घ्या’ असं ब्रोकरला सांगा. बहुतेक बँका ते करतात आणि बँक बदलण्यापेक्षा ते सोपं असतं. बँकच बदलायची तर नवं मूल्यांकन, नवी कागदपत्रं आणि काही आठवडे धरून चाला. मालकाला घाई असेल तर घरच हातचं जायचं. पहिल्या ब्रोकरची फी तरीही द्यावी लागेल का, हे त्याच्याशी केलेल्या करारात आधी वाचा. ‘घ्यावाच लागतो’ असं त्याने लिहून पाठवलं असेल तर तो ईमेल जपून ठेवा. सल्ल्याबद्दलची तक्रार आधी त्याच्या फर्मकडे करायची. तिचं अंतिम उत्तर पटलं नाही तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे वित्तीय तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, आणि तिथे तुम्हाला एक पैसाही द्यावा लागत नाही.